लोकरीची गवसणी : माप, विणकाम आणि जपणूक

महाराष्ट्रातील जुन्या घरांत पोथी कधी उघडी राहत नसे. वाचन संपले की ती कापडी बासनात बांधली जाई आणि मगच फडताळात ठेवली जाई. तंबोऱ्याला गवसणी असे, तलवारीला म्यान आणि उशीला अभ्रा. एखाद्या वस्तूच्या आकाराबरहुकूम शिवलेले वस्त्र म्हणजे गवसणी. अशक्यप्राय गोष्ट साधू पाहणाऱ्याला आपण ‘आकाशाला गवसणी घालतो’ असे म्हणतो, ते याच शब्दावरून. पुढे खेड्यापाड्यांत ट्रान्झिस्टर पोहोचला तेव्हा त्याला चामड्याचे आवरण मिळाले, आणि घरातील मोठ्या रेडिओवर सुनेने विणलेला क्रोशाचा रुमाल आला. वस्तू जपून वापरावी, ही शिकवण आपल्याकडे अशी हातातून हातात आलेली आहे.

आज खेड्यातील माणसाच्या हाती जी यंत्रे आहेत ती आकाराने लहान, परंतु मोलाने मोठी आहेत. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्ती गावोगाव उभी राहिली. २०१८ साली सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांच्या हाती भ्रमणध्वनी देण्यात आले. रास्त भाव दुकानात ई-पॉस यंत्र आहे, सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेणारे यंत्र आहे, शाळेत टॅबलेट आहे आणि आरोग्य उपकेंद्रात रक्तातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर आहे. बालकांच्या वजनाच्या नोंदी, गरोदर मातांच्या याद्या, बँकेचे व्यवहार हे सारे या यंत्रांत साठलेले असते. यंत्र बिघडले तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही. काम अडते आणि कामाबरोबर माणसेही अडतात.

या यंत्रांसाठी साध्या लोकरीची गवसणी कशी विणावी, तिचे माप कसे काढावे आणि ती वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे. विणकाम येत असलेल्या कोणासही हे काम एका आठवड्याच्या फावल्या वेळात करता येईल. विणकाम न येणाऱ्यास ते शिकण्यासाठी याहून सोपी वस्तू मिळणे कठीण आहे. कारण यात बाही नाही, गळा नाही, केवळ एक सरळ पट्टी आहे.

गवसणीने काय साधते, काय साधत नाही

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. लोकरीची गवसणी ही ढाल नव्हे. यंत्र ओट्यावरून फरशीवर पडले तर जाड विणीमुळे आघात थोडासा सौम्य होईल इतकेच; काच फुटणार नाही अशी हमी कोणी देऊ नये. पाण्यापासूनही ती संरक्षण देत नाही.

तिचा खरा उपयोग ओरखड्यांपासून बचाव करण्याचा आहे. पिशवीत किंवा खिशात यंत्राच्या शेजारी किल्ल्या असतात, नाणी असतात, पेन असते आणि या सर्वांहून घातक अशी धूळ असते. धुळीतील वाळूचे कण बहुधा गारगोटीच्या जातीचे असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस मापनश्रेणीत गारगोटीचा क्रमांक ७ आहे, तर साध्या काचेचा सुमारे ५.५. भ्रमणध्वनीची काच रासायनिक प्रक्रियेने अधिक कणखर केलेली असते, तरीही वाळूचे कण तिच्यावर घासले गेले तर चरे पडतात. लोकरीचा धागा काचेहून कितीतरी मऊ असल्याने त्याच्या स्पर्शाने चरा पडत नाही. धूळ व काच यांच्यामध्ये मऊ थर उभा करणे, हेच गवसणीचे मुख्य कार्य होय.

यातूनच दुसरी गोष्ट निष्पन्न होते. वाळूचे कण एकदा का गवसणीच्या आत शिरले, की तीच गवसणी काचकागदासारखी काम करू लागते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ती उलटी करून झटकणे आवश्यक आहे. न झटकलेली गवसणी वापरण्यापेक्षा ती नसलेली बरी.

साहित्याची निवड

बाजारात ‘लोकर’ या नावाने जो धागा मिळतो तो पुष्कळदा ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम असतो. तो स्वस्त असतो, धुण्यास सोपा असतो आणि त्याला कसर लागत नाही. मात्र तो आचेजवळ वितळतो. मेंढीची खरी लोकर लवचिक असते आणि सहज पेट घेत नाही. परंतु तिला कसर लागते आणि गरम पाण्यात चोळून धुतल्यास ती आक्रसून घट्ट होते. सुती धाग्याला ताण फारसा नसतो, त्यामुळे सुती गवसणी कालांतराने सैल पडते. शिकाऊ व्यक्तीने मध्यम जाडीची, फिक्या रंगाची, गुळगुळीत पिळाची लोकर घ्यावी. गडद रंगात टाके मोजणे कठीण जाते. केसाळ किंवा फार फुललेली लोकर मुळीच घेऊ नये. तिचे तंतू सुटून यंत्राच्या चार्जिंगच्या छिद्रात साठतात आणि पुढे तार नीट बसेनाशी होते.

महाराष्ट्रात दख्खनी मेंढीची लोकर आहे आणि तिच्यापासून घोंगडी विणण्याची धनगर समाजाची मोठी परंपरा आहे. ही लोकर राठ व आखूड तंतूंची असल्याने सुयांवर विणण्याच्या नाजूक कामास ती सोयीची नाही. जुन्या घोंगडीचा चांगला राहिलेला तुकडा मात्र अस्तर म्हणून उपयोगी पडतो. तो स्वच्छ धुऊन, धूळ पूर्ण काढून, विणलेल्या दोन थरांच्या मध्ये शिवल्यास गवसणीस जाडी येते. घोंगडीची राठ बाजू थेट काचेकडे येऊ देऊ नये, कारण तिच्यात माती अडकून राहते.

सुया १० नंबरच्या घ्याव्यात. आपल्याकडील सुयांचे जुने क्रमांक उलट्या क्रमाने चालतात, म्हणजे क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड असते, १० नंबरची ३.२५ मिलिमीटर आणि १२ नंबरची २.७५ मिलिमीटर. स्वेटरसाठी ज्या लोकरीला ८ नंबरची सुई वापरतात त्याच लोकरीला येथे १० नंबरची वापरावयाची, कारण स्वेटरची वीण मोकळी हवी असते आणि गवसणीची घट्ट. याशिवाय मोठ्या नेढ्याची व बोथट टोकाची शिवणाची सुई, मोजपट्टी, कात्री आणि एक लाकडी किंवा नारळाच्या करवंटीचे बटण लागेल. झाकणासाठी लोहचुंबकाची चाप लावण्याचा मोह टाळावा. तिच्यामुळे यंत्रातील होकायंत्र चुकीची दिशा दाखवू शकते.

आधी नमुना, मग माप

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. प्रस्तुत लेखिकेने पहिली गवसणी केवळ अंदाजाने विणली होती. विणून झाल्यावर यंत्र तीत सहज गेले आणि तितक्याच सहजपणे, जिना उतरताना, बाहेर येऊन पायरीवर पडले. चूक विणण्यात नव्हती, मापात होती. सैल गवसणी ही गवसणी नसण्याहून वाईट, कारण ती आहे या भरवशावर आपण बेसावध राहतो.

प्रत्येकाच्या हाताचा ताण निराळा असतो. एकाच लोकरीवर, एकाच सुईने दोघी जणी विणू लागल्या तरी दोघींचे टाके सारखे येत नाहीत. यास्तव दुसऱ्याने सांगितलेली टाक्यांची संख्या जशीच्या तशी घेऊ नये. सुईवर ३० टाके घालून १२ सेंटिमीटर लांबीचा चौकोनी नमुना विणावा. सर्व ओळी सुलट विणाव्यात. अशा विणीत दोन ओळी मिळून एक उंचवटा तयार होतो. शेतातील सरी-वरंब्याप्रमाणे ही वीण दिसते, म्हणून त्या उंचवट्यास येथे वरंबा म्हटले आहे. ही वीण जाड असते, तिचे काठ गुंडाळले जात नाहीत, आणि म्हणून ती गवसणीस योग्य होय.

नमुना धुऊन, सपाट पसरून, सावलीत वाळवावा. मग मधल्या भागात १० सेंटिमीटर अंतरात आडवे किती टाके आणि उभे किती वरंबे येतात ते मोजावे. काठाजवळ मोजू नये. तेथे टाके ओढलेले असतात. नमुना उजेडासमोर धरून पाहावा. किल्लीचे टोक टाक्यांच्या फटीतून सहज आरपार जात असेल तर वीण सैल आहे. आणखी बारीक सुई घेऊन नवा नमुना विणावा.

आता यंत्राचे माप. यंत्रावर आधीचे रबरी कवच असेल तर ते लावूनच मोजावे. समजा, भ्रमणध्वनीची रुंदी ७.५ सेंटिमीटर, जाडी ०.९ सेंटिमीटर आणि उंची १६ सेंटिमीटर आहे. आणि नमुन्यात १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके व २४ वरंबे आले आहेत.

पट्टीची रुंदी काढण्यासाठी यंत्राची रुंदी व जाडी यांची बेरीज करावी : ७.५ अधिक ०.९, म्हणजे ८.४ सेंटिमीटर. लोकरीची वीण ताणते, म्हणून यातून एक-दशांश वजा करावा. उरले सुमारे ७.६ सेंटिमीटर. पुढे साधे त्रैराशिक आहे. १० सेंटिमीटरला २४ टाके, तर ७.६ सेंटिमीटरला किती? उत्तर १८.२, म्हणजे १८ टाके. दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी प्रत्येकी एक टाका धरून एकूण २० टाके.

लांबीसाठी उंचीची दुप्पट व त्यात एकदा जाडी मिळवावी : १६ अधिक १६ अधिक ०.९, म्हणजे जवळजवळ ३३ सेंटिमीटर. लांबीतून काही वजा करू नये. त्रैराशिकाने ७९ वरंबे, म्हणजे १५८ ओळी येतात. झाकणासाठी आणखी ७ सेंटिमीटर धरल्यास १७ वरंबे, म्हणजे ३४ ओळी वाढतात. एकूण १९२ ओळी झाल्या. सुती धागा वापरणार असल्यास रुंदीतून एक-दशांशाऐवजी एक-विसांश वजा करावा, कारण सुताला ताण कमी असतो.

विणण्याची कृती

पहिली पायरी. सुईवर २० टाके घालावेत. टाके फार आवळून घालू नयेत. हा काठ गवसणीच्या तोंडाशी येणार असून तेथून यंत्र आत-बाहेर करावयाचे आहे.

दुसरी पायरी. प्रत्येक ओळ सुलट विणावी. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता तसाच दुसऱ्या सुईवर उचलून घ्यावा आणि शेवटचा टाका नियमाने विणावा. असे केल्याने काठ साखळीसारखा सरळ येतो आणि पुढे शिवण सोपी होते. दर दहा वरंब्यांनंतर काठावर वेगळ्या रंगाच्या धाग्याची खूण बांधावी, म्हणजे पुन्हा पुन्हा मोजावे लागत नाही. टाके २० आहेत की नाहीत हेही त्याच वेळी तपासावे. टाका सुटला असेल तर पुढे रेटू नये; तेथवर उसवून पुन्हा विणावे. उसवणे हा विणकामाचा दोष नव्हे, तो विणकामाचाच एक भाग आहे.

तिसरी पायरी. ७९ वरंबे झाले की गवसणीचा मुख्य भाग पूर्ण झाला. यापुढे झाकण सुरू होते. झाकणाचे १२ वरंबे विणल्यावर काज करावयाचे. त्या ओळीत ९ टाके झाल्यावर धागा पुढे आणून सुईवर एक वेढा घ्यावा, पुढील २ टाके एकत्र विणावेत आणि उरलेले ९ टाके सुलट विणावेत. टाक्यांची संख्या २० च राहते. पुढच्या ओळीत त्या वेढ्यासही टाका समजून विणावे. तेथे लहानसे छिद्र तयार होते, तेच काज. बटण मोठे घेऊ नये. छिद्रातून किंचित ताणून जाईल इतपतच असावे.

चौथी पायरी. उरलेले वरंबे पूर्ण करून टाके बंद करावेत. सुमारे वीतभर धागा राखून कापावा.

पाचवी पायरी. पट्टी मुख्य भागाच्या मध्यावर दुमडावी, म्हणजे आरंभीचा काठ झाकणाच्या सुरुवातीशी येऊन मिळेल. दोन्ही बाजू बोथट सुईने, काठाच्या साखळीतून एकेक टाका घेत शिवाव्यात. धाग्याची टोके विणीच्या जाडीत आत-बाहेर ओवून लपवावीत. आतल्या बाजूस गाठ ठेवू नये.

सहावी पायरी. यंत्र आत ठेवून झाकण मिटावे. काज जेथे येते तेथे खूण करावी, यंत्र बाहेर काढावे आणि मगच बटण शिवावे. बटण केवळ वरच्या थरावर शिवावे. वापरताना यंत्राची काच बटणाच्या बाजूस न ठेवता पाठीमागच्या बाजूस ठेवावी.

अशा एका गवसणीस सुमारे २५ ते ३० ग्रॅम मध्यम लोकर पुरते. घरात स्वेटर विणून उरलेला गुंडा असेल तर नवी लोकर आणण्याची गरज भासणार नाही.

इतर उपकरणांसाठी

हीच रीत कोणत्याही लहान यंत्राला लागू पडते. बदलतात ती केवळ मापे. समजा, ऑक्सिमीटर ६ सेंटिमीटर लांब, ३.५ सेंटिमीटर रुंद आणि तितकाच जाड आहे, आणि जाड लोकरीच्या नमुन्यात १० सेंटिमीटरला २० टाके आले आहेत. रुंदी व जाडी मिळून ७ सेंटिमीटर, एक-दशांश वजा जाता ६.३. त्रैराशिकाने १३ टाके आणि शिवणीचे २ मिळून १५ टाके. लांबी दोनदा ६ व एकदा ३.५, म्हणजे १५.५ सेंटिमीटर. झाकणास यंत्राची जाडी ओलांडून पुढे यावे लागते, म्हणून त्यासाठी ६ सेंटिमीटर धरावेत.

तापमापी, गणनयंत्र, लहान विजेरी, छायाचित्रणाचा कॅमेरा, बोटांचे ठसे घेणारे यंत्र या सर्वांसाठी अशीच आकडेमोड करता येईल. सुट्या विद्युतघटांवर चालणारे उपकरण फार दिवस वापरावयाचे नसेल तर घट काढून ठेवावेत. घटातील रसायन गळून यंत्र निकामी होते आणि गवसणीत ते झाकलेले असल्याने चटकन लक्षातही येत नाही. ठसे घेणाऱ्या यंत्राची काच प्रत्येक वेळी मऊ कापडाने पुसावी. लोकरीचा तंतू काचेवर राहिल्यास ठसा नीट उमटत नाही. उघडे सर्किट बोर्ड मात्र लोकरीत कधीही ठेवू नये. लोकर व ॲक्रिलिक यांच्या घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होते. कवचबंद यंत्रास तिच्यापासून सहसा धोका नसतो, पण उघड्या सुट्या भागांना ती हानिकारक ठरू शकते.

वापरताना घ्यावयाची दक्षता

लोकर अंगाला ऊब देते, कारण तिच्या तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते आणि त्यामुळे उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. माणसाला जे हितकारक, ते यंत्राला हितकारक असतेच असे नाही. चार्जिंग चालू असताना भ्रमणध्वनी तापतो. त्या वेळी तो गवसणीत असेल तर उष्णता आतच कोंडते आणि त्यातील लिथियम घटाचे आयुष्य कमी होते. अनेक उत्पादक यंत्राच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सियस ही मर्यादा सांगतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून दोन नियम कटाक्षाने पाळावेत : चार्जिंग करताना यंत्र गवसणीबाहेर असावे, आणि गवसणीत असो वा नसो, यंत्र उन्हात किंवा बंद वाहनात ठेवू नये.

कोकणात व घाटमाथ्यावर दक्षता वेगळी. खरी लोकर हाताला ओलसर न लागताही आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतकी ओल शोषून घेते. पावसात भिजलेली गवसणी यंत्राला ओल्या फडक्यासारखी लपेटून बसते. ती भिजली की यंत्र तत्काळ बाहेर काढून पुसावे आणि गवसणी पूर्ण वाळल्यावाचून पुन्हा वापरू नये. पावसाळ्यात गवसणीसह यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणे सोयीचे.

तिसरी गोष्ट आवाजाची. जाड लोकर घंटीचा आवाज दाबते. आशा कार्यकर्तीला बाळंतपणासाठी येणारा फोन बहुधा रात्री-अपरात्रीच येतो. यंत्र गवसणीत घालून पिशवीत आणि पिशवी खुंटीला, अशी व्यवस्था असेल तर तो फोन ऐकू येणार नाही. गवसणी प्रवासासाठी आहे, रात्रीसाठी नाही. घरी आल्यावर यंत्र बाहेर काढून उशाशी, परंतु अंथरुणाच्या व पांघरुणाच्या बाहेर ठेवावे. यंत्राच्या बाजूची बटणे गवसणीत दाबली जात नाहीत ना, हेही पाहावे. दाबली जात असतील तर गवसणी अधिक घट्ट झाली आहे असे समजावे.

गवसणी कोमट किंवा थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवावी आणि सपाट पसरून सावलीत वाळवावी. खऱ्या लोकरीची गवसणी वापरात नसेल तेव्हा अधूनमधून ऊन-वारा दाखवावा, म्हणजे कसर लागणार नाही.

शाळेतील पाठ

हातकाम हे शिक्षणाचे साधन व्हावे, हा विचार महाराष्ट्राच्या भूमीवरच १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत मांडला गेला. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना हस्तव्यवसायांच्या परिचयास द्यावेत असे सुचविले आहे. अशा दिवसांत हा पाठ सहज बसतो.

शिक्षकांनी तो केवळ विणकामाचा पाठ समजू नये. एकाच वर्गातील दहा विद्यार्थ्यांनी ३० टाक्यांचे दहा नमुने विणले की दहा निरनिराळी मापे समोर येतात. ती फळ्यावर मांडून सरासरी काढता येते, दशांश अपूर्णांकांचा सराव होतो आणि त्रैराशिक कशासाठी शिकावयाचे, हे न सांगता कळते. गणित चुकले तर वहीवर लाल खूण होते. येथे गणित चुकले तर गवसणी बसत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना खनिजांचा कठीणपणा, उष्णतेचे वहन आणि स्थिर विद्युत हे तीन विषय याच वस्तूच्या आधारे शिकविता येतील. वर्गात मुलगे व मुली दोघांनीही विणावे. घोंगडी विणणारे हात पुरुषांचेही आहेत, हे मुलांना आवर्जून सांगावे.

बचत गट व ग्रामपंचायत : हिशेबाची बाजू

एखादी हस्तकला पाहिली की तिच्यातून महिलांना रोजगार मिळेल असे सहज म्हटले जाते. प्रशिक्षण वर्ग भरतो, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि तयार माल मात्र पेटीत पडून राहतो. म्हणून येथे हिशेब स्पष्ट मांडणे उचित ठरेल. वर सांगितलेल्या गवसणीत २० टाक्यांच्या १९२ ओळी, म्हणजे ३,८४० टाके आहेत. मिनिटाला १६ टाके या नवशिक्या गतीने केवळ विणण्यास २४० मिनिटे, म्हणजे चार तास लागतात. शिवण व बटण धरून पाच तास. सराईत हाताची गती याच्या दुप्पट धरली तरी अडीच तास होतात. लोकर, बटण व या तासांची योग्य मजुरी मिळवली की जी किंमत येते, ती कारखान्यात साच्यातून काढलेल्या रबरी कवचापेक्षा अधिकच असणार. सामान्य भ्रमणध्वनीच्या बाजारात विणलेली गवसणी त्या कवचाशी स्पर्धा करू शकणार नाही. मजुरी सोडून देऊन ती स्पर्धा करावयास लावणे म्हणजे महिलांचे श्रम फुकट घेणे होय.

परंतु ज्या यंत्रांसाठी तयार कवच बाजारात मिळत नाही, तेथे चित्र वेगळे आहे. ऑक्सिमीटर, ठसे घेणारे यंत्र, जुन्या बनावटीचा टॅबलेट यांना मापाची गवसणी हातानेच करावी लागते. ग्रामपंचायत, शाळा व उपकेंद्र यांच्याकडे अशी किती यंत्रे आहेत, याची यादी सरपंच व ग्रामसेवकांनी प्रथम करावी. प्रत्येक यंत्राचे माप त्या यादीत लिहावे. मग तितक्याच गवसण्यांचे काम, तासांचा हिशेब धरून ठरविलेल्या दराने, गावातील बचत गटास द्यावे. मागणी आधी व विणकाम नंतर, हा क्रम राहिल्यास माल पडून राहणार नाही. हे काम कायमचा व्यवसाय होईल असे नाही; पण जेवढे होईल तेवढे प्रामाणिक मोबदल्याचे होईल.

समारोप

गवसणी ही लहानशी वस्तू आहे. तिच्यामुळे यंत्र अमर होत नाही. तथापि ती विणताना मोजण्याची, उसवून पुन्हा करण्याची आणि वस्तूची प्रकृती ओळखण्याची सवय लागते. ज्या हातांनी यंत्राचे माप घेतले, ते हात ते यंत्र सहसा निष्काळजीपणे हाताळत नाहीत.

हा अंक वाचून झाल्यावर आपल्या कार्यालयातील किंवा शाळेतील एका यंत्राचे माप घ्यावे आणि सुईवर ३० टाके घालून नमुन्यास प्रारंभ करावा. अंदाज बाजूला ठेवून मोजपट्टी हाती घेतली, की अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.